केळवणांसाठी ३ दिवस ड्रायव्हरसकट गाडी : मामांना ५ स्टार, बिलाला २

लग्न डिसेंबरात आहे. तुळशीचं लग्न झालं तसं पाव्हण्यांचे फोन सुरू झाले, केळवणाला कधी येताय, आणि आमचे पाव्हणे काय एका गल्लीत नाहीत, निपाणीला मावशी, गडहिंग्लजला काकी, आजऱ्याला आज्जीचं माहेर, गारगोटीला दाजी, राधानगरीला आत्तीची नणंद (ती माझी कोण लागते विचारू नका, पण नाही गेलो तर लग्नात तोंड फिरवून बसणार) आणि मलकापूरला मामा. होणारा नवरा पुण्याचा. त्याला गाडी येते पण उसाचा हंगाम चालू असताना आमच्या भागात रात्री चालवायला द्यायची माझी छाती होईना, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, आणि डेकवर गाणी फुल्ल. त्यात घरच्यांची अट, लग्नाआधी दोघंच मुक्कामी जायचं नाही, म्हणून आत्ती सोबत. मग कोल्हापूर शहरातल्याच एका ट्रॅव्हल्सवाल्याकडनं सात सीटर घेतली. नाव लिहीत नाही, भांडण मिटलंय.

आधी बिलाचं सांगतो (कोल्हापूरच्या पोरी येतो-जातोच म्हणतात, पुण्याच्या सासूबाईंना अजून पचलेलं नाही). रेट १४ रुपये किलोमीटर, ऐकायला बरा वाटला. पण बाहेरगावच्या भाड्याला दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात, गाडी पळो न पळो. म्हणजे ३ दिवसांचे ९०० किलोमीटर, १२,६०० रुपये, वर ड्रायव्हर भत्ता ५०० रोज, टोल-पार्किंग वेगळं. आणि आमची गाडी पळाली किती? ३३८. अहो केळवण म्हणजे अर्धा तास प्रवास आणि तीन तास पाटावर बसणं, त्यात कुठले ३०० किलोमीटर होणार! तिरुपती-गोव्याला जाणाऱ्यांना हा हिशोब परवडतो, पाव्हण्यांकडं फिरणाऱ्यांना नाही. नंतर गल्लीतल्या एकाला विचारलं तर तो दिवसाला २,५०० आणि तेल आपलं असं देत होता, म्हणजे सगळं धरून दहा हजारांच्या आसपास भागलं असतं. चूक माझीच, बुकिंग करताना फक्त रेट विचारला, किमान किती ते विचारलंच नाही.

बिलात अजून एक गंमत होती, ‘कर्नाटक परमिट ६००’. निपाणी कर्नाटकात, हे खरं. पण आमच्या पुणेकरानं तिथंच काउंटरवर मोबाईल काढला आणि गाडीला ऑल इंडिया टूरिस्ट परमिट असेल तर २०२१ च्या नियमापासनं फी एकदाच भरायची असते, प्रत्येक राज्यात शिरताना वेगळा टॅक्स नसतो, हे वाचून दाखवलं. मालक म्हणाला चुकून पडलं असेल. ६०० वजा झाले. आत्ती माझ्या कानात म्हणाली, पोरगं कामाचं हाय.

गाडी स्वच्छ होती, एसी चांगला, पिवळी पाटी होती ते एक बरं. पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी भाड्यानं देणारे पण लई आहेत, स्वस्त पडते, पण काय झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात, तसल्या भानगडीत पडू नका.

डिक्की मात्र विचारूनच घ्या. मागची सीट उभी असली की सात सीटरमध्ये डिक्की म्हणजे दोन पिशव्यांची जागा, आणि केळवणात तुम्ही रिकाम्या हातानं जाता आणि भरून येता. निपाणीत मावशीनं साडी आणि याला टॉवेल-टोपी, गडहिंग्लजात ड्रेसपीस, आजऱ्यात घनसाळ तांदूळ १० किलो (नको म्हणालो तर आज्जीची भावजय म्हणाली, पुण्यात मिळतोय व्हय असला?), गारगोटीत दाजींनी गुऱ्हाळावरनं गुळाची ढेप आणि काकवीचा डबा. काकवीचा डबा सांडला तर सीट धुवायचे पैसे घेणार हे ऑफिसनं आधीच सांगितलं होतं, म्हणून आत्ती तो मांडीवर घेऊन बसली, गारगोटी ते राधानगरी, हललीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मागची सीट पाडली तेव्हा कुठं जागा झाली.

आता मामा, म्हणजे ड्रायव्हर. पन्नाशीचे असतील. पहिल्या दिवशी पहाटे पहिली पत्रिका अंबाबाईला ठेवायची होती तर गाडी बिंदू चौकात लावून स्वतः आमच्याबरोबर चालत आले, म्हणाले पहिल्या पत्रिकेला मी पण हात जोडतो. ट्रॉल्या दिसल्या की घाईनं ओव्हरटेक नाही, हॉर्नचा धिंगाणा नाही, समोरचा रस्ता मोकळा दिसेपर्यंत मागं शांत बसणार. आत्तीला गाडी लागते हे एकदाच सांगितलं, तिसऱ्या वळणापासनं वेग आपोआप कमी.

पण खरी कमाल वेगळी. निपाणीत पुरणपोळी-कटाची आमटी, दोन तासांनी गडहिंग्लजला परत पुरणपोळी, रात्री आजऱ्यात तांबडा-पांढरा, ‘पाव्हणं, लाजू नका’ म्हणत ताटात वाढतच राहणार, आणि आमचा पुणेकर नाही म्हणायला लाजणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिवळा पडलेला बघून मामा म्हणाले, ताई, तुम्ही पाणी मागितलंत की मी समजतो. तेव्हापासनं मी पाणी मागितलं की मामा दारात हजर, ‘निघायला पाहिजे, पुढं उशीर होतोय’. गारगोटीत चाललं. राधानगरीत मात्र मामा जोशात येऊन म्हणाले, अंधार पडायच्या आत घाट उतरायचाय. तिथनं कोल्हापूरला यायला कुठला घाट! नणंदबाई आयुष्यभर राधानगरीत राहिलेल्या, त्यांनी मामांकडं बघितलं, याच्याकडं बघितलं, आणि म्हणाल्या, बरं, घाट लागतोय तर पोटाला आधार पाहिजे. अजून दोन पोळ्या. मामांनाही बसवलं, दोन पोळ्या त्यांनाही. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण आणि ते सात स्वयंचलित दरवाजे याला दाखवायचे होते, ते राहिलंच, पोहोचेपर्यंत अंधार झाला असता.

तिसऱ्या दिवशी जोतिबा करून मलकापूर, तिथं काही विशेष नाही, मामा (माझे खरे) फक्त चहा-पोह्यांवर सोडतात, त्यांना बायपास झाल्यापासनं दुसऱ्याचं पोट पण कळतं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडासाठी परत याच ड्रायव्हर मामांना मागितलं तर ऑफिस म्हणतंय ड्रायव्हर निवडता येत नाही, ज्याचा नंबर असेल तो येणार. मग गाडी गल्लीतल्याकडनं ठरवली, तेल आपलं. मामांना पत्रिका वेगळी दिली.