नाणेघाटाची एक दिवसाची मोहीम: सोय उत्तम, गुहेला बारा मिनिटे

सोपारा आणि कल्याण या बंदरांकडून निघून नाणेघाटाने सह्याद्री चढणारा आणि जुन्नरवरून पैठणकडे जाणारा सातवाहनकाळातील व्यापारी मार्ग पायी चालावा, अशी माझी बऱ्याच वर्षांची इच्छा आहे. संबंध मार्ग आता या वयात होणे नाही. त्यामुळे ठाण्यातील एका ट्रेकिंग संस्थेने त्यातल्या घाटाच्या टप्प्याची मोहीम ‘प्राचीन व्यापारी मार्गावर एक दिवस’ अशा नावाने जाहीर केली, तेव्हा मी लगेच माझे आणि भाच्याचे नाव नोंदवले. माणशी १,१५० रुपयांत जाण्या-येण्याची बस, नाश्ता, जेवण आणि ‘इतिहासाची माहिती देणारे मार्गदर्शक’ मिळणार होते. ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही जाऊन आलो.

तीन हात नाक्यावर पहाटे सव्वापाचची वेळ दिली होती. बस सहाला दहा कमी असताना आली. पावसाळ्यात एवढा उशीर मी धरूनच चालतो. खटकले ते पुढचे. कल्याणला दुर्गाडीजवळ खाडी ओलांडताना नुकते उजाडत होते. आपण ज्या वाटेने चालणार आहोत तिचे एक टोक हेच, येथेच गलबतांतला माल उतरून घाटावर जायला निघत असे, हे सांगायला याहून योग्य जागा कोणती? मार्गदर्शक मंडळी मात्र तेव्हा मागच्या बाकांवर अंताक्षरीचे गट पाडत होती. मुरबाडला मिळालेले पोहे गरम होते आणि दुसऱ्यांदा मागितल्यावर कोणी कपाळाला आठी घातली नाही, हेही नोंदवले पाहिजे.

वैशाखरे गाव सोडल्यावर महामार्गालगत नाणेघाटाचा फलक आहे. तेथून पायवाट जंगलात शिरते. आम्ही ४२ जण होतो आणि सोबत तीन लीडर होते. सुरक्षेच्या बाबतीत या तीन मुलांना पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. वाटेतल्या एका ओढ्याला गुडघ्याच्या वर पाणी होते. एकाने आधी पलीकडे जाऊन दोर झाडाला बांधला, दुसरा प्रवाहाच्या खालच्या अंगाला पाण्यात उभा राहिला, आणि माझी पाळी आली तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, “काका, पाय उचलू नका, तळाशी सरकवत या.” एका मुलीचे नवे कोरे बूट शेवाळावर सारखे सटकत होते, त्यांना त्याने खिशातल्या सुतळीचे वेढे घालून दिले आणि ती पुढे शेवटपर्यंत पडली नाही. असल्या गोष्टी जाहिरातीत लिहिता येत नाहीत, पण पैसे त्यांचेच द्यायचे असतात.

जंगल संपून कातळ लागला की वाटेचे खरे वय दिसू लागते. दगड बसवून केलेल्या आणि कातळात खोदलेल्या पायऱ्यांच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत. पावसाचे पाणी मधल्या खोलगट भागातून वाहते आणि चालणारा आपोआप कडेला सरकतो. फलकापासून येथवर यायला आम्हाला तीन तास लागले. घाटमाथ्याच्या थोडे खालीच उजव्या-डाव्या बाजूंना पाण्याची टाकी आणि सातवाहनकाळातल्या शिलालेखाची ती प्रसिद्ध गुहा लागते. आणि नेमके येथेच नियोजन चुकले. “आधी वर जाऊ, गर्दी वाढेल. गुहा उतरताना बघू,” असा पुकारा झाला आणि आम्ही गुहेच्या तोंडावरून तसेच पुढे गेलो.

गर्दी अर्थातच आधीच वाढलेली होती. गुहेवरच्या चिंचोळ्या घळीत चढणारे आणि उतरणारे एकमेकांत अडकले होते. तेथे आम्ही पन्नास मिनिटे भिजत उभे होतो. माथ्यावर जकातीचे नाणे टाकण्यासाठी होता असे सांगितला जाणारा दगडी रांजण आहे. त्याभोवती छायाचित्रांसाठी रांग लागली होती. ढगांमुळे जीवधन किल्ला आणि त्याच्या शेजारचा वानरलिंगी सुळका दिसले नाहीत. उलटा धबधबा मात्र जोरात होता. कड्याला आपटून वर उसळणारा वारा खाली पडू पाहणारे पाणी पुन्हा माथ्यावर फेकतो. ते दृश्य पाहण्यासारखे आहे, यात वाद नाही. परंतु त्यासाठी आणि त्याच्यापुढे काढायच्या छायाचित्रांसाठी तब्बल सव्वा तास दिला गेला.

परतताना गुहेसाठी उरली ती बारा मिनिटे. आत पावसाचा आडोसा घेतलेले आणखी दोन गट होते आणि बाकावर कोणाच्या तरी ओल्या बॅगा रचलेल्या होत्या. लीडरने नाना आणि गुणा या दोन भावांनी पैजेने घाट खोदल्याची लोककथा रंगवून सांगितली, ती मुलांना आवडलीही. भिंतींवरच्या लेखाबद्दल मात्र “हा त्या काळच्या जकातीचा हिशेब” एवढे एकच वाक्य आले, आणि तेही चूक. हा सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला आणि प्राकृत भाषेतला लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय यांसारखे यज्ञ आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, हत्ती, घोडे आणि कार्षापण नाणी यांची मोजदाद आहे. आकडे येतात ते या दक्षिणेमुळे, जकातीमुळे नव्हे. भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत ते मोडतात. शून्य आणि स्थानमूल्य तेव्हा वापरात नसल्यामुळे दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हे आहेत. मागच्या भिंतीवर सातवाहन कुळातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्यांची आता केवळ पावले शिल्लक आहेत आणि वर कोरलेली नावे: सिमुक, नागनिका आणि सातकर्णी, आणखी काही कुमार, एक महारठी म्हणजे त्या काळचा बडा सरदार.

समोरून प्रकाश टाकला तर ही अक्षरे दिसत नाहीत. मी मोबाइलचा दिवा भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरला, तशी सपाट वाटणाऱ्या दगडातून ओळीच्या ओळी सावल्यांसकट वर आल्या. भाच्याने मला न विचारता आपलाही दिवा तसाच धरला, शेजारची दोन मुले जवळ आली, एकाने “यात आकडा कुठला?” असे विचारले, आणि शिट्टी झाली. “काका, चला आता, खाली जेवण थांबलंय.”

ते जेवण उत्तम होते, हे मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. वैशाखऱ्यातल्या एका घराच्या पडवीत साडेचारला पिठले, चुलीवरच्या तांदळाच्या भाकऱ्या, लसणाचा ठेचा आणि डाळ-भात मिळाला. रात्री नऊच्या सुमारास आम्ही ठाण्याला पोहोचलो.

पहिल्यांदाच पावसात डोंगर चढणाऱ्याने या संस्थेबरोबर निर्धास्त जावे. घाटाचा इतिहास पाहायचा असेल, तर पावसाळा सरल्यावर आठवड्यातल्या मधल्या वारी, कल्याणहून माळशेजमार्गे आळेफाट्याकडे जाणारी सकाळची एसटी धरून जाणे बरे. वाहकाला नाणेघाटाच्या फलकाशी उतरायचे आहे असे आधीच सांगून ठेवावे. संध्याकाळी परतीच्या गाड्या घाटावरून भरूनच येतात, त्यामुळे तासभर उभे राहण्याची तयारी हवी.

दुसऱ्या दिवशी संस्थेने अभिप्राय मागितला. मी पाचापैकी तीन तारे दिले आणि सूचनेच्या रकान्यात लिहिले की चढतानाच, गट ताजातवाना असताना, गुहेत पाऊण तास थांबावे आणि लेखावर बोलू शकेल असा एक माणूस सोबत आणावा. त्यासाठी माणशी दोनशे रुपये जास्त घेतले तरी चालतील. तासाभरात उत्तर आले. पुढच्या रविवारच्या धबधबा मोहिमेवर मला दहा टक्के सवलत देऊ केली होती.