जुना आय५ टॉवर : दहा महिन्यांच्या वापरानंतर

सेकंडहँड आय५-३४७०, एच६१ मदरबोर्ड, ४ जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम, २४० जीबी एसएसडी. सेलूतल्या एका ई-सेवा केंद्रात ऑगस्ट ते मे, रोज आठ-नऊ तास. सातबारा, ऑनलाइन फॉर्म, स्कॅनिंग, प्रिंट एवढ्या कामाला २०१२ चा हा प्रोसेसर आजही पुरून उरतो. एच६१ वर साटाचा (डिस्क जोडायच्या पोर्टचा) वेग सेकंदाला ३ गिगाबिटच, तरी एसएसडीमुळे फरक जाणवत नाही. तक्रार आहे ती विंडोज मध्येच कोसळून येणाऱ्या निळ्या पडद्याची, आणि तो दर वेळी बिघाडाचं वेगळंच नाव सांगतो याची.

फसगत इथेच होते. पडद्यावर ड्रायव्हरचं (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) नाव दिसलं की दुकानात सरळ विंडोज नव्याने मारून देतात. चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. या मशीनमध्ये पाच बिघाड निघाले, त्यात ड्रायव्हरचा एकच.

पहिला ऑक्टोबरात, सोयाबीनची मळणी चालू असताना. आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘पेज फॉल्ट’, परवा ‘आयआरक्यूएल’. नावं अशी बदलत राहिली तर आधी रॅमवर संशय घ्यावा. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा, किमान चार फेऱ्या. चुका दिसल्या तर एकेक रॅम दोन्ही स्लॉटमध्ये आलटून पालटून तपासा. चूक रॅमबरोबर फिरली तर रॅम खराब. एकाच स्लॉटला चिकटून राहिली तर स्लॉट. इथे स्लॉट निघाला: टॉर्च मारल्यावर आतल्या पिनांवर भुशाची पिवळट बारीक पूड दिसत होती. मऊ ब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, रॅमच्या सोनेरी कडेला पांढरं खोडरबर. खोडरबराचा चुरा स्लॉटपासून लांब झटकायचा, नाहीतर केलेली मेहनत तिथेच जाते. त्यानंतर मेमटेस्टमध्ये एकही चूक नाही.

दुसरा बिघाड निळा पडदा न दाखवता येतो: मशीन धाडकन रीस्टार्ट. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ आणि त्यात बगचेक (क्रॅशचा) कोड शून्य असेल तर विंडोजला काही नोंदवायला वेळच मिळालेला नाही. अशा वेळी आधी वीजपुरवठा, म्हणजे कॅबिनेटमधला एसएमपीएस, बघावा. मल्टिमीटर डीसीवर ठेवून त्याच्या चार पिनांच्या मोलेक्स जोडातल्या पिवळ्या आणि काळ्या तारेत मोजा. रिकाम्या मशीनवर १२.०५ व्होल्ट होते, स्कॅन आणि प्रिंट एकदम सुरू झालं की ११.२. एटीएक्स या पीसीच्या मानकाची खालची मर्यादा ११.४ आहे. लाईट गेली की यूपीएस असूनही मशीन बंद पडायचं, त्याचंही कारण हेच. यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ, साधारण १६ मिलिसेकंद, चांगला एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) तग धरतो. जुन्याचे कपॅसिटर वाळलेले असतात. शेतीची लाईट आली की डीपीवरच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज बसतं, त्या वेळेला तर हमखास. एसएमपीएस बदलला, दुरुस्त केला नाही. आत हात घालणं धोक्याचं असतं.

तिसरा बिघाड कॉम्प्युटरचा नव्हताच. मार्चपासून बायोमेट्रिक उपकरण आणि स्कॅनर आपोआप तुटायचे-जोडायचे, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. अर्थ तुटला की कॅबिनेटवर सुमारे ११० व्होल्ट दिसू शकतात. सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ मोजलं तर १९ व्होल्ट आले; दोन-तीनच्या आत हवेत. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतल्यावर २.४. आता दर आठवड्याला पाणी घालावं लागतं. सॉकेटमधलं मोजमाप स्वतः जमत नसेल तर वायरमनकडून करून घ्या.

चौथा बिघाड प्रोसेसरच्या कूलरचा, काम पंधरा मिनिटांचं. चारपैकी एक पाय नीट बसलेला नव्हता, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट खडूसारखी झालेली. मेमध्ये ९६ अंशांवर जाणारं तापमान नव्या पेस्टनंतर ७४ वर आलं.

राहिला ड्रायव्हर. वरचं सगळं झाल्यावरही एकच निळा पडदा, एकाच फाइलच्या नावाने, पुन्हा पुन्हा येत होता. नाव बदलत नाही म्हणजे आता ड्रायव्हरवर संशय रास्त. मिनिडंप (क्रॅशच्या वेळी विंडोजने ठेवलेली फाइल) ब्लूस्क्रीनव्ह्यू या प्रोग्रॅममध्ये उघडला, तर नाव यूएसबी वायफाय डोंगलच्या ड्रायव्हरचं. खात्रीसाठी विंडोजमधलाच ड्रायव्हर तपासणारा ड्रायव्हर व्हेरिफायर फक्त मायक्रोसॉफ्टचे नसलेल्या ड्रायव्हरवर लावता येतो, पण आधी रीस्टोर पॉइंट (मागे परतायची सोय) करा. मशीन चालूच होईना तर सेफ मोडमध्ये जाऊन व्हेरिफायर रीसेट करावा लागतो. इथे डोंगल काढून लॅनची वायर टाकली आणि विषय मिटला.

घ्यावं का? एसएमपीएस, पेस्ट आणि मदरबोर्डवरचा सीएमओएसचा छोटा सेल यांचा खर्च किमतीत धरूनही परवडत असेल तर घ्या. पैसे देण्याआधी बाजूचं झाकण उघडायला लावा. प्रोसेसरजवळच्या एकाही कपॅसिटरचं डोकं फुगलेलं असेल तर तिथूनच परत फिरा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत, हे दुकानदाराला भाव करताना आठवण करून द्यायला हरकत नाही.