कराटे कशासाठी शिकायचे? कोथरूडमधील एका वर्गाचा अभिप्राय

कोथरूडमधील एका शाळेच्या सभागृहात संध्याकाळी भरणाऱ्या शोतोकान शैलीच्या कराटेच्या वर्गाला मी आणि माझी मुलगी दोघीही जातो. नव्याने प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे, कारण कराटे शिकण्यामागे प्रत्येकाचा हेतू वेगळा असतो आणि त्या हेतूबाबत खरे बोलणारे शिक्षक क्वचितच भेटतात.

अर्ज भरून घेण्यापूर्वी सर प्रत्येकाला विचारतात, "कशासाठी शिकायचंय?" मुलगी रात्री शिकवणीहून एकटी येते, मुलगा मोबाइल खाली ठेवत नाही, दहावीला क्रीडागुण मिळतील का, चाळिशीनंतर पाठ धरू लागली आहे, अशी उत्तरे येतात. स्वसंरक्षणासाठी येणाऱ्यांना ते पहिल्याच दिवशी सांगतात की ठरलेल्या अंतरावरून येणारा ठरलेला वार अडवण्याचा सराव म्हणजे रस्त्यावरची झटापट नव्हे. अंगात चपळाई आणि आवाजात जरब यायला बराच काळ जातो, आणि त्यानंतरही निघून जाता येत असेल तर निघून जावे. ऑलिंपिकची आशा धरून आलेल्या पालकांनाही, टोकियोत २०२१ साली कराटे होते पण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून ते वगळले गेले, हे ते आडपडदा न ठेवता सांगतात. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

हेइआन शोदान हा पहिला काता, म्हणजे एकट्याने करायच्या हालचालींचा ठरलेला क्रम, डावीकडे वळून खालचा वार अडवण्याने सुरू होतो आणि ठोसा त्यानंतर येतो. कराटेत पहिला वार आपण करायचा नसतो, ही शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशी यांची शिकवण येथे मुलांना भाषणातून नव्हे, त्या हालचालीतूनच कळते. एका मुलाचा ठोसा जोरकस होता, पण दर वेळी मागच्या पायाची टाच उचलली जात होती. सर त्याच्यामागे उकिडवे बसले, टाचेवर तळवा दाबून धरला आणि म्हणाले, "आता मार." टाच जमिनीला टेकलेली राहताच कंबर नीट वळली आणि दुसरी मूठ आपसूक कमरेशी आली. मी पाठदुखीसाठी नाव घातले होते. आता या बारकाव्यांच्या ओढीने जाते.

बेल्टची घाई असणाऱ्यांची येथे निराशा होईल. तयारी नसेल तर सर परीक्षेला बसू देत नाहीत आणि त्यावरून नाराज होऊन मुलांना काढून घेणारे पालकही मी पाहिले आहेत. मात्र परीक्षेचे शुल्क आयत्या वेळी कळते, ते प्रवेशाच्या वेळीच लेखी द्यायला हवे. लहान मुलांच्या तुकडीत गर्दी इतकी असते की मागच्या रांगेकडे दुर्लक्ष होते, आणि स्त्रियांना कपडे बदलण्यासाठी स्वतंत्र खोली नाही, ही माझ्या मते सर्वांत मोठी उणीव आहे. मोठ्यांची तुकडी लहान असल्याने तिथे प्रत्येकाकडे लक्ष दिले जाते. प्रवेशापूर्वी एक संपूर्ण तास बसून पाहू देतात; शक्यतो काताचा सराव असेल त्या दिवशी जावे.