माळवदाच्या वाड्यातला आवाज जपताना: एक माइक की आठ सुटे ट्रॅक?

समजा, मराठवाड्यातल्या एका माळवदाच्या वाड्यात तुम्ही आठ स्पीकर लावून जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमांडणी केली आहे आणि महिनाभरात वाडा मालकाला परत द्यायचाय. ती व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेट घालून अनुभवायच्या आभासी जगात, जपायचे मुख्य रस्ते दोन आहेत. कानांत माइक लावून केलेलं बायनॉरल रेकॉर्डिंग हा तिसरा. तो स्वस्त आहे, पण हेडसेट घालून मान वळवली की सगळा वाडाच डोक्याबरोबर फिरतो, म्हणून तो इथंच सोडतो.

पहिला रस्ता अँबिसॉनिकचा. मायकेल गेर्झन यांनी 1970च्या दशकात ब्रिटनमध्ये घडवलेली, चहूबाजूंचा आवाज टिपायची ही पद्धत. चार कॅप्सूलचा, म्हणजे आवाज टिपणारी चार तोंडं असलेला, एक माइक चौकात उभा करायचा, शेजारी 360 अंशांचा कॅमेरा. एका दिवसाचं काम. 48 किलोहर्ट्झ, 24 बिटला तासाला साधारण 2 जीबी. मान वळवली तरी आवाज जागेवर राहतो, पण पुढं पाऊल टाकता येत नाही. ओसरीवरच्या स्पीकरशी वाकून एकाच बाईची ओवी वेगळी ऐकावी, हे तिथं होत नाही. आणि अशा मांडणीचा जीव तर त्यातच असतो.

दुसरा रस्ता कष्टाचा. आठही ट्रॅक सुटे ठेवायचे; प्रत्येक स्पीकरची जागा, उंची, तोंडाची दिशा, आवाजाची पातळी लिहून घ्यायची. मग एकेका स्पीकरमधून खर्जापासून वर चढत जाणारा सूर सोडून चौकात, ओसरीत, माजघरात रेकॉर्ड करायचा. त्यावरून सॉफ्टवेअर इम्पल्स रिस्पॉन्स काढतं, म्हणजे त्या जागेत आवाज कसा घुमतो आणि विरतो ते. हे काम टाळू नका. वेरूळच्या 10व्या लेण्यात, लाकडी वाशांसारख्या कोरलेल्या दगडी छताखाली, आवाज घुमत राहतो. माळवदाची माती तोच आवाज पिऊन टाकते. तयार इफेक्ट लावलात तर वाडा ऐकूच येणार नाही. शेवटी फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल करून गेम इंजिनात, म्हणजे व्हिडिओ गेम बनवायच्या सॉफ्टवेअरात, सगळं जोडायचं.

1958च्या ब्रुसेल्स प्रदर्शनातला फिलिप्स पॅव्हिलियन, म्हणजे ध्वनी-प्रकाशाच्या प्रयोगासाठी बांधलेला मंडप, पुढच्याच वर्षी पाडला गेला. तरी तो ध्वनीसकट व्हीआरमध्ये पुन्हा उभा करता आला, कारण मूळ टेप आणि आराखडे शिल्लक होते. उलट हेडसेटची पिढी लवकर संपते. गूगलनं आपल्या डेड्रीम हेडसेटची विक्री 2019मध्येच बंद केली.

म्हणून माझा कौल असा: आधी दुसऱ्या रस्त्याचा कच्चा माल, साध्या वेव्ह फाइलींत, दोन वेगळ्या डिस्कवर. हेडसेटवरचा वाडा दोन वर्षांनी बांधला तरी चालेल. अँबिसॉनिकलाही एक दिवस द्याच. पुढं बांधलेला वाडा खऱ्यासारखा वाजतो का, हे ताडायला तेच लागेल. पहाटे रेकॉर्ड करा. लाइट गेली तर तेवढ्या वेळात रिकाम्या चौकाचा आवाज टिपून घ्या. जात्याची तळव्यांना जाणवणारी थरथर मात्र दोन्ही रस्त्यांनी येत नाही. ती ज्यांनी अनुभवली, त्यांना बोलतं करून लिहून ठेवा.