तानपुऱ्याच्या कसोटीवर सोनी एमडीआर-७५०६

हेडफोनचे रूप आणि त्याची किंमत दुकानाच्या काचेआडूनही कळते. आवाज कळण्यासाठी मात्र तो कानाला लावून बघावा लागतो. सांगली-मिरजेच्या दुकानांत त्यासाठी बहुधा दणदणीत ठेक्याचे गाणे लावले जाते, आणि तशा गाण्यावर कोणताही हेडफोन भारदस्तच वाटतो. म्हणून मी मिरजेच्या तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण मोबाइलमध्ये घेऊन जाते आणि तेच ऐकून निर्णय करते. सोनीचा एमडीआर-७५०६ हा हेडफोनही तसाच पारखला.

काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात, लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची (सर्वांत खालच्या ‘सा’ची) तार साधारण ६९ हर्ट्झला बोलते. घोडीच्या उतारावर तारेखालचे सूत नेमक्या जागी सरकवले की जवारी, म्हणजे तारेचा झणकार, खुलते, तारेतून मूळ स्वरासोबत वरचा एकेक उपस्वर उमटू लागतो, आणि मूळ स्वर धरून त्यांतला पाचवा, म्हणजे सुमारे ३४६ हर्ट्झचा, आपल्याला स्वयंभू गंधार, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा ‘ग’, म्हणून ऐकू येतो. बास, म्हणजे खालचे स्वर, मुद्दाम फुगवलेल्या हेडफोनमध्ये खर्ज नुसता घुमत राहतो आणि हा गंधार त्याखाली दबून जातो.

१९९१ पासून स्टुडिओंमध्ये वापरला जाणारा सोनीचा हा ४० मिलिमीटर ड्रायव्हरचा (आवाज निर्माण करणाऱ्या पडद्याचा) हेडफोन या कसोटीला पूर्ण उतरतो. गंधार स्वच्छ ऐकू येतो, जोडीच्या दोन तारांतला बारीकसा फरकही लपत नाही. रियाजाचे ध्वनिमुद्रण तपासणाऱ्याला आणखी काय हवे! दिसायला मात्र तो अगदी साधा आहे: काळे प्लास्टिक, निळी पट्टी आणि कानाच्या वाट्यांपाशी उघड्या दिसणाऱ्या बारीक तारा. किंमत विद्यार्थ्याला सहज झेपणारी नाही. तरीही तेवढ्याच किमतीच्या चकचकीत वायरलेस हेडफोनमध्ये बॅटरी, ब्लूटूथ, माइक यांवरही पैसा वाटला गेलेला असतो, हे ध्यानात घेतल्यास ती मला रास्त वाटते. दोन हेडफोन ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला उगाचच सरस वाटतो.

दोष आहेतच. वरच्या पट्टीतला आवाज थोडा धारदार आहे. मिरजेला घर केलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका लावल्या की गळ्याची आर्तता भिडते, पण तबकडीची खरखरही टोचते, आणि तासभर सलग ऐकल्यास कान थकतात. वेटोळ्यांची लांबलचक केबल कायमची जोडलेली असल्यामुळे सांगली-मिरज बसप्रवासात ती अडचणच होते. प्रवासातच गाणे ऐकणाऱ्यांनी वायरलेस घेणे बरे. मोबाइलला हेडफोनचे छिद्र नसेल, तर अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो; त्याचा खर्च आधीच किमतीत धरावा.