'५२': दर बुधवारी एक अंक, असं वर्षभर वाचल्यानंतर

सुपरमॅन-बॅटमॅनच्या चित्रकथा काढणाऱ्या अमेरिकेतल्या डीसी कॉमिक्सची '५२' ही मालिका एका बैठकीत संपवू नका. हे आधीच सांगतो, कारण आता ती जाडजूड संग्रहांत आणि टॅबवर आयती मिळते, आणि बरेच जण ती शनिवार-रविवारात उरकून मोकळे होतात. मी आठवड्याला एकच अंक वाचायचा असं ठरवलं, तोही बुधवारी रात्री. अमेरिकेत ही मालिका अशीच आली होती. १० मे २००६ ते २ मे २००७, दर बुधवारी एक अंक, एकही आठवडा खाडा नाही.

एक अंक म्हणजे कथेतला एक आठवडा. कुठला आठवडा, कुठला दिवस, याची नोंद पानावरच असते. आधीच्या एका महासंकटात सुपरमॅनची शक्ती गेलेली आहे, बॅटमॅन आणि वंडर वुमनही कामातून बाजूला झालेत. मग वर्षभर जग सांभाळायचं कोणी? एरवी मागच्या रांगेत उभ्या असणाऱ्यांनी. जाहिरातदारांची बोधचिन्हं अंगावर मिरवणारा बूस्टर गोल्ड, नोकरी सोडून दारूच्या नादी लागलेली गोथमची माजी पोलीस डिटेक्टिव्ह रेने मोंतोया, बायको गमावलेला राल्फ डिबनी, पोलादी चिलखतातला स्टील आणि त्याची पुतणी नताशा, कान्डाक या काल्पनिक देशाचा हुकूमशहा ब्लॅक ॲडम, अंतराळात भरकटलेले तिघे, आणि एका बेटावर डांबून आणलेले माथेफिरू शास्त्रज्ञ. एवढे धागे! पहिले काही आठवडे कोण कुठे आहे हे लक्षात ठेवायला त्रास होतो. मी वहीत पात्रांची नावं लिहून ठेवली होती, तुम्हीही ठेवा. दोनेक महिन्यांत वहीची गरज उरत नाही.

साप्ताहिक वाचनाचा खरा फायदा राल्फच्या कथेत कळतो. पहिल्याच अंकात तो तोंडात पिस्तूल धरून बसलेला दिसतो आणि तेवढ्यात फोन वाजतो: बायकोच्या थडग्याची कोणीतरी विटंबना केली आहे. तिथून त्याचा शोध सुरू होतो. पण पुढे कित्येक आठवडे तो दिसतच नाही. दिसला की सोबत छोटा फ्लास्क, आणि त्यातून घोट घेणं चाललेलं. मधल्या आठवड्यांत माझ्या डोक्यात त्याचंच चाललेलं असायचं, हा माणूस आता पार संपला म्हणून. त्या फ्लास्कमध्ये काय आहे ते ४२व्या अंकात उलगडतं. इथे सांगणार नाही, पण एका दुपारी सगळं वाचून काढणाऱ्याला तो धक्का माझ्याइतका बसणार नाही. त्याच्यासाठी राल्फ इतके दिवस एकटा राहिलेलाच नसतो.

ब्लॅक ॲडमचंही तसंच. सुरुवातीला तो कॅमेऱ्यांसमोर एका गुन्हेगाराला उभा फाडतो. मग आयसिस नावाची स्त्री त्याच्या आयुष्यात येते आणि महिनोन्‌महिने आपण त्याला हळूहळू निवळताना बघतो. १६व्या आठवड्यात त्यांचं लग्न लागतं आणि इथे दोन धागे एकमेकांत अडकतात. लग्नाच्या गर्दीत मोंतोया आत्मघाती हल्लेखोराला शोधत असते, आणि तो हल्लेखोर निघते एक लहान मुलगी. मोंतोयाला गोळी झाडावी लागते. एकीकडे उत्सव, दुसरीकडे या बाईच्या मनावर कायमचा ओरखडा. पुढे ४३ आणि ४४व्या अंकांत ॲडमच्या घरावर जे कोसळतं ते वाचून मी पुढच्या बुधवारपर्यंत अस्वस्थ होतो. त्या कुटुंबाची सवय झाली होती ना मला.

वाचायला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात बसा, म्हणजे कथेतलं कॅलेंडर तुमच्या कॅलेंडरशी जुळेल. ३५वा अंक नववर्षाच्या रात्रीचा आहे. सुपरमॅनचा जुना शत्रू लेक्स लूथर याने पैसे ओतून सामान्य माणसांना महाशक्ती वाटलेल्या असतात. सुपरमॅनच्या मेट्रोपोलिस शहरावर जल्लोषात उडणाऱ्या त्या लोकांची शक्ती तो बाराच्या ठोक्याला बंद करतो आणि आकाशातून माणसं पडू लागतात. हा अंक जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, बाहेर फटाके नुकतेच थांबलेले असताना वाचण्यात जी धडकी आहे, ती जूनमध्ये येणार नाही.

सगळंच जमलंय असं मात्र नाही. ॲनिमल मॅन, स्टारफायर आणि ॲडम स्ट्रेंज यांची अंतराळयात्रा मधे फार रेंगाळते. ॲनिमल मॅनची घरची ओढ तेवढी शेवटपर्यंत धरून ठेवते. ५०व्या आठवड्यातलं ब्लॅक ॲडम आणि इतर नायकांमधलं महायुद्ध तर घाईत उरकल्यासारखं वाटतं. त्यासाठी चार वेगळे अंक काढले होते, तेही वाचले, आणि ते नसते तरी काही अडलं नसतं असं माझं मत आहे.

जेफ जॉन्स, ग्रँट मॉरिसन, ग्रेग रुका आणि मार्क वेड या चौघांनी मिळून लिहिलंय, तरी सांधे फारसे दिसत नाहीत. चित्रकार सतत बदलतात, पण पानांचे कच्चे आराखडे किथ गिफन काढायचा, त्यामुळे कथनाची चाल एकसारखी राहते. सगळी मुखपृष्ठं जे. जी. जोन्सची. मालिका मोठ्या पडद्यावर किंवा कागदावरच वाचा; फोनवर चौकटी इतक्या बारीक होतात की संवाद वाचताना डोळे दुखतात.

चार खंडांची आवृत्ती मिळाली तर ती घ्या. तिच्यात लेखकांची टिपणं आणि गिफनचे आराखडे आहेत. फक्त ती टिपणं त्या-त्या अंकानंतर लगेच न वाचता पूर्ण खंड संपल्यावर वाचा.