केबिन खरी, बुकिंग नंबर खरा, पैसे मात्र बुडाले

क्रूझच्या नावाने फसवणूक म्हटली की खोटी वेबसाइट नाहीतर खोटं तिकीट डोळ्यांसमोर येतं. आम्हाला ज्या एजंटाने गंडवलं त्याने यातलं काहीच केलं नाही. त्याने दिलेला बुकिंग नंबर अस्सल होता. क्रूझ कंपनीच्या स्वतःच्या साइटवर तो टाकला की आमची नावं, केबिन, तारीख सगळं दिसायचं. म्हणूनच हे सविस्तर लिहितेय.

ह्यांच्या कानाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी विमान बंद केलंय, तेव्हा सुट्टी बोटीनेच काढायची होती. त्यातही जिथून चढायचं तिथेच परत उतरायला हवं. बऱ्याच क्रूझ एका बंदरातून निघून दुसऱ्यात संपतात, आणि घरी यायला शेवटी विमानच पकडावं लागतं. विमान नको म्हणणाऱ्यांपुढे पर्याय थोडे, हे या लोकांना बरोबर ठाऊक असतं. "अशा केबिन मोजक्याच उरल्यात, ताई," हे पहिल्याच फोनवर झालं. वर, विमानापेक्षा बोट पर्यावरणाला बरी, ही पुरवणी. (तीही थापच. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने 2022 मध्ये मांडलेल्या हिशोबात सगळ्यात कमी इंधन जाळणारी क्रूझ जहाजंसुद्धा दर प्रवाशी, दर किलोमीटरमागे विमानापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतात. अख्खं हॉटेल रात्रंदिवस समुद्रावर चालवायचं म्हणजे इंजिनं जळणारच.)

आता खरी मेख. क्रूझचं बुकिंग दोन टप्प्यांत होतं. आधी थोडी अनामत भरून केबिन अडवायची, आणि उरलेली रक्कम निघण्याच्या साधारण 60 ते 120 दिवस आधी, कंपनीने ठरवलेल्या तारखेपर्यंत भरायची. ती तारीख चुकली की बुकिंग रद्द होतं आणि बहुतेक वेळा अनामतही जाते. आमच्या एजंटाने अनामत प्रामाणिकपणे भरली. मग "आत्ताच सगळे भरलेत तर खास सवलत" म्हणून उरलेले पैसे थेट बँकेच्या खात्यात मागून घेतले आणि खिशात घातले. तारीख उलटली, केबिन सुटली. आम्हाला कळलं ते ऑनलाइन चेक-इन करायला बसलो तेव्हा. जो नंबर टाकल्यावर आमची नावं यायची, तोच टाकल्यावर 'असं बुकिंग नाही' असं आलं. त्याला फोन केला, तर सिस्टीम अपडेट होतेय म्हणाला. नंतर फोन उचलणंच बंद.

कंपनीकडून मूळ कन्फर्मेशन मागवलं तेव्हा सगळा उलगडा झाला. त्यावर एकूण भाडं, मिळालेली अनामत, बाकी रक्कम आणि ती भरायची शेवटची तारीख अशा चार ओळी एकाखाली एक होत्या. एजंटाने पाठवलेल्या पीडीएफमध्ये त्या जागी एकच ओळ होती, 'पूर्ण रक्कम प्राप्त', आणि खाली पांढरीशुभ्र मोकळी जागा. दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय कुणाच्या बापालाही कळलं नसतं.

तेव्हा, बुकिंग आहे का एवढंच पाहून थांबू नका, बाकी किती दिसते ते पाहा. साइटवर लॉग-इन करून दिसत नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा आणि क्रमांक कंपनीच्या साइटवरूनच घ्या, एजंटाने दिलेला नको. फोनवर ते काही वेळा "तुमच्या एजंटाशी बोला" म्हणून टोलवतात, पण रक्कम पूर्ण जमा आहे की नाही एवढं तरी वदवून घ्याच. कार्डाने पैसे भरलेत तर स्टेटमेंटवर कुणाचं नाव उमटलंय हेही बघा. क्रूझ कंपनीचं असेल तर पैसे तिथे पोचले. एजंटाचंच असेल तर लगेच बिघडलं असं नाही, पण मग कंपनीची पावती हातात पडेपर्यंत गप्प बसायचं नाही. आणि सवलतीचं म्हणाल, तर एजंट फार फार तर आपल्या कमिशनमधला वाटा सोडू शकतो. निम्म्या भाड्यात केबिन देणारा धर्मादाय करत नसतो.

अनामत आम्ही कार्डाने दिली होती, ती बँकेच्या चार्जबॅकमधून, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत मागायच्या सोयीतून, परत मिळाली. त्यासाठी बँकेने कंपनीची एक ईमेल मागितली, बाकी न भरल्यामुळे बुकिंग रद्द झालं असं स्पष्ट लिहिलेली. ती आधीच मागून ठेवा, कारण चार्जबॅकला मुदत असते आणि बँका त्यावर अडून बसतात. खात्यात थेट भरलेल्या रकमेला असलं काही संरक्षण नाही. त्याची पोलिसांत तक्रार दिली आहे, तपास चालू आहे म्हणतात.